लेबलवर ९९ टक्के: ऑनलाइन मागवलेल्या तीन व्हायलींचं प्रकरण

जुलै २०२३ मध्ये हंगेरीतल्या पेच विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी मिळून एक साधा प्रश्न हाती घेतला. डॉक्टरची चिठ्ठी नसताना सेमाग्लुटाइड इंटरनेटवरून घरी येतं का, आणि आलंच तर त्यात असतं काय? सेमाग्लुटाइड म्हणजे मधुमेहासाठी ‘ओझेम्पिक’ आणि वजन कमी करण्यासाठी ‘वेगोव्ही’ या नावांनी विकलं जाणारं, आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली टोचायचं पेप्टाइड औषध. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्यांनी सर्च इंजिनवर शोध घेतला. ऑनलाइन औषध दुकानांच्या ३१७ लिंक सापडल्या आणि त्यातल्या १३४ बेकायदा दुकानांच्या निघाल्या.

त्यातून निवडून सहा ठिकाणी त्यांनी पैसे भरले. कुणी चिठ्ठी मागितली नाही. तीन ठिकाणांहून माल आलाच नाही. उलट ‘पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, सोडवायला ६५० ते १२०० डॉलर भरा’ असे निरोप आले. हंगेरीच्या सीमाशुल्क खात्याकडे चौकशी केली तेव्हा ही शुद्ध फसवणूक असल्याचं कळलं. आपल्याकडे कुरिअरच्या नावाने येणारे फोन ज्यांनी घेतलेत त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. उरलेल्या तीन ठिकाणांहून मात्र काचेच्या छोट्या व्हायली आल्या. आत पांढरी भुकटी, पाणी घालून विरघळवायची आणि मग सिरिंजमध्ये ओढायची. लेबलवर शुद्धता: ९९ टक्के.

प्रयोगशाळेत त्या उघडल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले, आणि मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं ते त्यातल्या एका आकड्यामुळे. तिन्ही व्हायलींत सेमाग्लुटाइड खरंच होतं. इतकंच नाही, तर लेबलवर लिहिलं होतं त्यापेक्षा २९ ते ३९ टक्के जास्त होतं. आणि शुद्धता? ७ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान.

जास्त भरलेली व्हायल

नकली औषध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडूची पूड आणि साखरेचं पाणी येतं. औषध कमी असेल, गुण येणार नाही, पैसे वाया जातील, फार तर इतकंच. ऑनलाइन पेप्टाइड घेणाऱ्या बऱ्याच जणांचा हिशेबही असाच असतो: लागू पडलं तर ठीक, नाही तर सोडून देऊ. या तीन व्हायली तो हिशेब उलटा करतात. इथे घेणाऱ्याला फसवणूक झाल्याचं कळणारच नाही. औषध लागू पडेल, भूक मरेल, वजनाचा काटा खाली येईल. तो मित्रालाही तेच दुकान सांगेल.

अडचण डोसच्या गणितात आहे. सेमाग्लुटाइड पहिल्या दिवशी पूर्ण मात्रेत देत नाहीत. पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, पुढचे चार आठवडे ०.५, मग १, मग १.७, आणि वजनासाठी शेवटी २.४. ही चढण हळू ठेवण्याचं कारण आतडी आणि जठर. हे औषध जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतं आणि मेंदूतल्या भूक-मळमळीच्या केंद्रांवर काम करतं. शरीराला सवय होण्याआधी मात्रा वाढली की उलट्या सुरू होतात. आणि रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. उतारा नाही. चुकून जास्त टोचलं तर सलाइन, उलटी थांबवणारी औषधं, साखर आणि क्षारांवर लक्ष, एवढंच डॉक्टरच्या हातात असतं, आणि तेही काही दिवस.

आता घरच्या टेबलावरचं गणित करू. समजा लेबलवर ५ मिलिग्रॅम लिहिलेली एक व्हायल आहे आणि तिच्यात २ मिलिलिटर पाणी घातलं. कागदावर एका मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम झालं. ०.२५ मिलिग्रॅमसाठी ०.१ मिलिलिटर, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर १० रेघा. सोपं वाटतं. पण व्हायलीत ५ ऐवजी ३५ टक्के जास्त, म्हणजे ६.७५ मिलिग्रॅम असेल, तर त्याच १० रेघांत ०.३४ मिलिग्रॅम जातं. हे एकवेळ निभावेल. थोडी जास्त मळमळ होईल.

पण चूक एकटी येत नाही. भारतात इन्सुलिनच्या सिरिंज दोन जातीच्या मिळतात: लाल टोपणाची यू-४० (एका मिलिलिटरला ४० युनिट) आणि नारिंगी टोपणाची यू-१०० (एका मिलिलिटरला १०० युनिट). परदेशात बसलेल्या कुणीतरी व्हिडिओत ‘दहा युनिट घ्या’ म्हटलेलं असतं ते यू-१०० गृहीत धरून. इथल्या केमिस्टकडून आलेली सिरिंज लाल टोपणाची निघाली, तर तिच्यावरच्या १० रेघा म्हणजे ०.२५ मिलिलिटर. त्या जास्त भरलेल्या व्हायलीतून हे झालं ०.८४ मिलिग्रॅम. पहिल्याच आठवड्यात, नियमानुसार साधारण नवव्या आठवड्यात गाठायच्या मात्रेच्या जवळ. आणि ‘०.२५’ हा आकडा मिलिग्रॅमचा की मिलिलिटरचा यात गोंधळ झाला, तरी उत्तर हेच येतं.

हे मी कल्पनेने रंगवत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या विष-माहिती केंद्राने २०२३ मध्ये असे तीन रुग्ण नोंदवले. सगळ्यांनी मूळ कंपनीचं आधीच भरलेलं इंजेक्शन-पेन सोडून व्हायलीतलं सेमाग्लुटाइड घेतलं होतं, आणि त्यांतल्या दोघांनी स्वतःच्या हाताने दहापट मात्रा टोचली होती. २६ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, याच विषयावर इशारा काढला. रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या ५ ते २० पट टोचून घेतल्याच्या नोंदी त्यात होत्या. त्यातलं मला सर्वांत बोलकं वाटलेलं उदाहरण रुग्णाचं नाहीच, डॉक्टरचं आहे: ५ युनिट द्यायची होती, चिठ्ठीवर २५ लिहिली गेली. दुसऱ्या एका डॉक्टरने २ च्या जागी २० लिहिली आणि तीन रुग्ण उलट्यांनी हैराण झाले. जिथे शिकलेली माणसं मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांच्यात अडखळतात तिथे रात्री अकराला स्वयंपाकघरात उभं राहून पहिल्यांदा सिरिंज धरणाऱ्याने अडखळू नये, ही अपेक्षाच चुकीची आहे.

इथे एक भेद सांगायला हवा, नाहीतर अन्याय होईल. युटातले आणि एफडीएच्या इशाऱ्यातले रुग्ण मुख्यतः ‘कंपाउंडिंग’ फार्मसीचं औषध घेत होते. अमेरिकेत परवाना असलेल्या फार्मसीला मूळ औषधाचा तुटवडा असताना तसंच औषध स्वतः तयार करून देता येतं. सेमाग्लुटाइड २०२२ पासून तुटवड्याच्या यादीत होतं, ते २१ फेब्रुवारी २०२५ ला यादीतून निघालं. या फार्मसी कायद्याच्या कक्षेत आहेत, पण त्यांच्या तयार मालाला एफडीएची मंजुरी नसते. काहींनी मूळ रेणूऐवजी सेमाग्लुटाइडचे सोडियम किंवा अॅसिटेट क्षार वापरल्याबद्दल एफडीएने २०२३ मध्येच हरकत घेतली होती. हंगेरीत आलेल्या तीन व्हायली मात्र या मधल्या पायरीच्याही खालच्या. तिथे डॉक्टर नाही, फार्मासिस्ट नाही, चूक झाली तर फोन करायला नंबर नाही.

सात टक्के शुद्ध, तरी जास्त कसं?

पहिल्यांदा वाचताना हे दोन आकडे एकमेकांशी भांडतात. ७ टक्के शुद्ध असेल तर औषध कमी हवं. मग ते जास्त कसं भरलं?

शुद्धता आणि मात्रा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि हा धंदा त्यांच्यातल्या फटीवर चालतो. कुपीत एकूण किती भुकटी आहे आणि तिच्यातला कितवा हिस्सा सेमाग्लुटाइड, हा शुद्धतेचा प्रश्न. सेमाग्लुटाइड एकूण किती मिलिग्रॅम, हा मात्रेचा. ५ लिहून ६.७५ मिलिग्रॅम भरलं आणि ते एकूण भुकटीच्या दहा टक्के असेल, तर भुकटी सुमारे ६७ मिलिग्रॅम झाली. बाकीच्या ६० मिलिग्रॅमात काय आहे? गोठवून सुकवलेल्या औषधांत भर म्हणून मॅनिटॉलसारखी साखर घालतात, ती निरुपद्रवी. पण मग लेबलवर तसं लिहितात, आणि शुद्धता ९९ टक्के असल्याचा दावा करत नाहीत.

हा ९९ चा आकडा या बाजारात सगळीकडे दिसतो. सोबत बऱ्याचदा ‘सर्टिफिकेट ऑफ अॅनालिसिस’ नावाचा एक कागद आणि त्यावर एचपीएलसीचा (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख असतो: एक उंच सुळका, आजूबाजूला सपाट रेघ. आलेख खरा असला तरी तो एवढंच सांगतो की त्या यंत्राला दिसणाऱ्या पदार्थांपैकी ९९ टक्के एका सुळक्यात आले. पाणी, क्षार, मॅनिटॉल, धातूचे कण, जिवाणूंचे अवशेष त्या रेघेवर उमटत नाहीत. शिवाय तपासलेली कुपी आणि तुमच्या हातातली कुपी एकाच बॅचची आहे, हे फक्त विकणारा सांगतो.

आणि सुळक्याशेजारी बारीक उंचवटे दिसलेच तर ते कशाचे? सेमाग्लुटाइडच्या साखळीत ३१ अमिनो आम्लं आहेत. अशी साखळी रासायनिक पद्धतीने एकेक मणी जोडत तयार केली, तर ३० जोडण्या होतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी शेवटी बिनचूक साखळ्या उरतात फक्त ७४ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांत कुठे एक अमिनो आम्ल गळालेलं, कुठे जागा बदललेली. हा कचरा खऱ्या रेणूसारखाच दिसतो, त्यामुळे तो वेगळा काढणं हेच या व्यवसायातलं सगळ्यात खर्चिक काम. मूळ कंपनी नोवो नॉर्डिस्क साखळीचा मुख्य भाग यीस्टकडून तयार करून घेते आणि मग त्यावर चरबीची शेपटी जोडते. तिच्यामुळेच हे औषध रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून आठवडाभर टिकतं. पद्धत कोणतीही असो, गाळणी टाळता येत नाही.

ती गाळणी किती बारीक हवी, याचा अंदाज एफडीएच्या मे २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांवरून येतो. त्या ग्लुकागॉन, लिराग्लुटाइड, टेरिपॅराटाइड अशा पाच पेप्टाइडांच्या जेनेरिकसाठी आहेत. मूळ औषधात नसलेली नवी पेप्टाइड अशुद्धी ०.५ टक्क्याच्या वर असेल तर जेनेरिकचा साधा मार्गच बंद. ०.१ ते ०.५ च्या मध्ये असेल तर ती शरीराची प्रतिकारयंत्रणा चाळवत नाही, हे दाखवून द्यावं लागतं. प्रतिकारयंत्रणेची भीती उगाच नाही: शरीराने चुकीच्या साखळीविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली तर ती खऱ्या औषधाला, क्वचित शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकालाही अडवू शकतात.

तीन व्हायलींत जिवंत जंतू सापडले नाहीत. हे ऐकून विक्रेता खूश होईल. पण एंडोटॉक्सिन सापडलं. हे काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे. जंतू मेले तरी हे उरतात, उकळून जात नाहीत, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या नेहमीच्या ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाहीत. काचेची भांडी त्यांच्यापासून मोकळी करायला २५० अंशांवर भाजावी लागतात. म्हणजे शेवटी कुणीतरी माल निर्जंतुक केला असेलही, पण त्याआधी कुठल्या तरी टप्प्यावर पाणी, भांडं किंवा हात स्वच्छ नव्हता. इंजेक्शनच्या कारखान्यात असं काही आढळलं तर कुठला टप्पा ते शोधेपर्यंत बॅच अडकून पडते. इथे ती पार्सलमध्ये गेली.

कंपनीचं म्हणजे निर्दोष?

नाही. आणि हे सांगितल्याशिवाय ही तुलना जाहिरात होईल.

पेजिनेसॅटाइड नावाचं एक पेप्टाइड औषध होतं, ‘ओमॉन्टिस’ नावाने विकलं जायचं, डायलिसिसवरच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी. मार्च २०१२ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली. सगळ्या चाचण्या, सगळे कागद, सगळी शुद्धता जागेवर. बाजारात आल्यावर पहिल्या डोसनंतर अर्ध्या तासात तीव्र अॅलर्जीने काही रुग्ण दगावले. सुमारे २५,००० जणांना औषध मिळालं होतं. जीवघेण्या प्रतिक्रियांचं प्रमाण सुमारे ०.०२ टक्के, म्हणजे बोटांवर मोजण्याइतके मृत्यू. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने सगळा माल परत बोलावला.

पेप्टाइडच्या चाहत्यांना हे उदाहरण आवडतं: बघा, मंजूर औषधानेही माणसं मेली. मी ते उलट वाचतो. पंचवीस हजारांत इतके थोडे मृत्यू दिसले कसे? कारण प्रत्येक डोसची नोंद होती, बॅच नंबर होता, डायलिसिस केंद्रात डॉक्टर-नर्स समोर होते, आणि नोंदी एका ठिकाणी जमा होत होत्या. वर्षभराच्या आत औषध बाजाराबाहेर गेलं. ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असं छापून विकल्या जाणाऱ्या व्हायलीतून असंच काही झालं, तर ते कोण मोजणार? कुणालाच काही न झाल्यासारखं दिसेल. जखमा-दुखापती भरून येतात म्हणून अशाच बाजारात विकल्या जाणाऱ्या बीपीसी-१५७ सारख्या पेप्टाइडांबद्दल ‘इतकी वर्षं लोक घेतायत, काही होत नाही’ असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं त्याचा पाया हा एवढाच आहे.

पेनचा आकार पाहूनही विश्वास ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात बनावट ओझेम्पिक घेतल्यावर लोक रक्तातली साखर खाली जाऊन, झटके येऊन रुग्णालयात पोचले. पेनमध्ये सेमाग्लुटाइडऐवजी इन्सुलिन असल्याचा अंदाज निघाला. डिसेंबरमध्ये अमेरिकेत अधिकृत वितरण साखळीतच शिरलेली हजारो बनावट पेनं एफडीएने जप्त केली, आणि जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला तीन बनावट बॅचविरुद्ध इशारा द्यावा लागला. पण फरक पाहा: बॅच नंबर होता म्हणून इशारा देता आला. हंगेरीतल्या व्हायलींसारख्या मालाविरुद्ध इशारा काढायचा तर त्यावर लिहिणार काय?

आपल्याकडे

भारतात टिर्झेपाटाइड, म्हणजे याच कामाचं दुसरं औषध ‘मौंजारो’, मार्च २०२५ मध्ये आलं आणि गंमत म्हणजे आधी व्हायलीतच आलं: २.५ मिलिग्रॅम ३,५०० रुपयांना, ५ मिलिग्रॅम ४,३७५ रुपयांना. पण ती एकाच डोसची व्हायल, आत अर्धा मिलिलिटर तयार द्रव. सगळा ओढायचा, टोचायचा, व्हायल फेकून द्यायची. लाल टोपण, नारिंगी टोपण, पाण्याचं माप, कशाचाच गोंधळ उरत नाही. तेव्हा व्हायल वाईट आणि पेन चांगलं असं हे प्रकरण नाही. मोजण्याचं काम कारखान्यात झालंय की तुमच्या ओट्यावर, एवढाच प्रश्न. वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये आलं, ओझेम्पिक डिसेंबरमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतरचं परवानाधारक कंपनीचं जेनेरिक आणि जिमच्या ट्रेनरने आणून दिलेली ‘रिसर्च’ व्हायल यांना एकाच पारड्यात तोलणारे मला भेटतात. दोन्ही स्वस्त, एवढंच त्यांच्यात साम्य.

महाग औषध परवडत नाही म्हणून माणूस आडवाटेला जातो, हे मान्य. अमेरिकेत वेगोव्हीची छापील किंमत महिन्याला १,३०० डॉलरच्या वर होती. तिथे हा बाजार का फुगला ते उघड आहे. पण ज्याच्यासाठी हे औषध खरंच गरजेचं आहे त्याच्या डॉक्टरकडे लिराग्लुटाइडचं इंजेक्शन, सेमाग्लुटाइडची गोळी, मेटफॉर्मिन असे आणखी पर्याय असतात, आणि त्यांतले काही बरेच स्वस्त आहेत. लग्नाआधी सहा किलो उतरवायचेत म्हणून टोचणाऱ्याबद्दल मला तितकी सहानुभूती नाही.

ज्यांनी आधीच टोचलंय आणि उलट्या थांबत नाहीत, पाणीही पोटात राहत नाही, चक्कर येतेय किंवा हात थरथरतायत, त्यांनी रुग्णालयात जाताना व्हायल, तिचं खोकं आणि वापरलेल्या सिरिंजचं टोपण सोबत न्यावं. लाज वाटून ‘काहीतरी खाल्लं’ असं सांगू नये. डॉक्टरला चार गोष्टी कळायला हव्यात: लेबलवर किती मिलिग्रॅम होतं, किती पाणी घातलं, सिरिंज यू-४० होती की यू-१००, आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं. साखर तपासायला सांगावं, कारण आत इन्सुलिन असण्याची शक्यता ऑस्ट्रियाने दाखवून दिलीय. उरलेली भुकटी फेकू नये, फ्रिजमध्ये ठेवावी. तपासायची वेळ आली तर तेवढाच नमुना असतो. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि तिथे रुग्णालाही स्वतः तक्रार नोंदवता येते.